बटर की मार्जरीन? आधी कुठलं मार्जरीन ते पाहा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रक्ततपासणीत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, १४५ आलंय. रोज सकाळी ब्रेडच्या दोन स्लाइसना बटर लागतं आणि बहुतेक रविवारी घरी केक होतो. तर बटर पूर्ण बंद करून मार्जरीन (मुख्यतः वनस्पती तेलापासून केलेला बटरचा पर्याय) आणावं का, आणि आणलं तर केकच्या चवीचं काय होईल?

यात खरं तर दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं वेगवेगळी आहेत. रोज ब्रेडला लागतं ते तब्येतीच्या हिशेबात धरायचं. आठवड्यातून एकदा केकमध्ये पडतं ते मुख्यतः चवीच्या. दोन्हींना एकच नियम लावला की एक तर उगाच बेचव केक खावा लागतो, नाहीतर केकच्या मायेपोटी रोजचं बटरही चालू राहतं. दुसरी अडचण म्हणजे ‘मार्जरीन’ हा एक पदार्थच नाही. त्या नावाखाली किमान तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. त्यातली एक तब्येतीला बटरपेक्षा स्पष्टपणे बरी असते, एक जवळजवळ बटरच्याच पंगतीला बसते आणि एकात जवळजवळ निम्मं पाणीच असतं.

आधी बटर. त्यात किमान ८० टक्के दुधाचा स्निग्धांश असतो, साधारण १६ टक्के पाणी आणि उरलेले दुधातले घन पदार्थ, म्हणजे थोडी प्रथिनं आणि थोडी दुग्धशर्करा. खारं असेल तर शंभर ग्रॅममागे दीड-दोन ग्रॅम मीठ. १०० ग्रॅम बटरमधून सुमारे ७१७ कॅलरी मिळतात, त्यात ८१ ग्रॅम फॅट आणि त्यातलं ५१ ग्रॅम सॅच्युरेटेड (संपृक्त, खोलीच्या तापमानाला बहुधा घट्ट राहणारं फॅट). म्हणजे एकूण फॅटपैकी ६३ टक्के सॅच्युरेटेड. हे प्रमाण लक्षात ठेवा, पुढे लागेल. कोलेस्टेरॉल २१५ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. मात्र रक्तातलं एलडीएल अन्नातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा सॅच्युरेटेड फॅटने जास्त चढतं. म्हणूनच डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ लिहिलेलं असलं तरी त्यावर भाळायचं कारण नाही. वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नावापुरतंच असतं, मग त्यातलं निम्मं फॅट सॅच्युरेटेड का असेना.

आता मार्जरीन. पहिला प्रकार डब्यातलं मऊ मार्जरीन. फ्रीजमधून काढल्या काढल्या ते सुरीने पसरतं. सूर्यफूल, सोयाबीन, कॅनोला अशी पातळ तेलं हा त्याचा मुख्य भाग आणि त्याला थोडा घट्टपणा यावा म्हणून थोडंसं घट्ट फॅट. दुसरा प्रकार विटेसारखं घट्ट मार्जरीन, जे बेकिंगसाठी किंवा पदरांच्या पेस्ट्रीसाठी असतं. ते खोलीच्या तापमानाला घट्ट राहायला हवं, तर त्यात घट्ट फॅट जास्त असणार हे ओघानेच आलं. बहुतेक वेळा ते पाम तेलाचं असतं, आणि पाम तेलातलं जवळजवळ निम्मं फॅट सॅच्युरेटेड असतं. तिसरा प्रकार ‘लाइट’ किंवा ‘लो फॅट’ स्प्रेड. त्यात स्निग्धांश ४० ते ६० टक्के असतो, बाकी पाणी. कॅलरी कमी भरतात त्या एवढ्यासाठीच. याशिवाय बटर आणि तेल एकत्र केलेलं ‘स्प्रेडेबल’ मिळतं, त्याकडे नंतर येतो.

मार्जरीनबद्दलचे बहुतेक वाद शिळे असतात, कारण ते ज्या मार्जरीनबद्दल चालतात ते बऱ्याच ठिकाणी बाजारात उरलेलंच नाही. १८६९ मध्ये फ्रान्समध्ये मेज-मुरिए या रसायनशास्त्रज्ञाने जे मार्जरीन बनवलं ते गाईबैलांच्या चरबीचं होतं. वनस्पती तेलाचं घट्ट मार्जरीन शक्य झालं ते तेलात हायड्रोजन घालून त्याला घट्ट करण्याचं तंत्र आल्यावर. विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाचं त्याचं पेटंट १९०२ चं. पण हायड्रोजन अर्धवट घातला की तेलातल्या काही स्निग्धाम्लांचा (फॅटी अ‍ॅसिडचा) आकार बदलतो आणि ट्रान्स फॅट तयार होतं. १९९० मध्ये मेन्सिंक आणि कातान या डच संशोधकांच्या प्रयोगातून दिसलं की ट्रान्स फॅट एलडीएल वाढवतं आणि वर एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल, कमी करतं. सॅच्युरेटेड फॅट पहिलं करतं, दुसरं करत नाही. म्हणजे तब्येतीच्या नावाखाली लोकांनी कित्येक वर्षं बटर सोडून त्याहून वाईट वस्तू खाल्ली. मार्जरीनची बदनामी इथून आली, आणि त्या काळापुरती ती रास्तच होती.

नंतर कायदे बदलले. डेन्मार्कने २००३ मध्ये औद्योगिक ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा घातली, अमेरिकेने २०१५ मध्ये अंशतः हायड्रोजनेटेड तेलांविरुद्ध निर्णय घेतला आणि तो २०१८ पासून लागू झाला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्या देशांना ही तेलं हटवायला सांगितलं. आज चांगलं मार्जरीन दुसऱ्या तंत्राने घट्ट करतात. घट्ट फॅट आणि पातळ तेल एकत्र करून त्यांच्या रेणूंमधल्या स्निग्धाम्लांची अदलाबदल घडवतात. याला इंटरएस्टेरिफिकेशन म्हणतात आणि त्यात ट्रान्स फॅट तयार होत नाही. (मार्जरीन ‘प्लास्टिकपासून एका रेणूवर’ आहे हे वाक्य सतत फिरत असतं. त्याला काही अर्थ नाही. मार्जरीन आणि बटर दोन्ही ट्रायग्लिसराइड्सचे, म्हणजे फॅटच्या रेणूंचे, बनलेले आहेत आणि प्लास्टिक ही सर्वस्वी वेगळी रचना आहे.)

हे सगळं डब्यावर ताडून पाहायचं कसं? पुढची जाहिरात सोडा, डबा फिरवा आणि घटकांची यादी वाचा. ‘अंशतः हायड्रोजनेटेड’ हे शब्द दिसले तर डबा परत ठेवा, पुढे वाचायची गरज नाही. ‘पूर्णतः हायड्रोजनेटेड’ असेल तर घाबरू नका. पूर्ण हायड्रोजन घातलेल्या तेलात ट्रान्स फॅट नगण्य उरतं, ते फक्त सॅच्युरेटेड होतं आणि सॅच्युरेटेडच्या आकड्यात मोजलं जातं. नुसतं ‘हायड्रोजनेटेड’ असं मोघम लिहिलेलं असेल तर मी ते अंशतःच समजतो. नंतर यादीतलं पहिलं तेल पाहा, कारण घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. सूर्यफूल, कॅनोला किंवा सोयाबीन आधी आणि पाम मागे, तर ठीक. पाम पहिल्या क्रमांकावर, तर तब्येतीसाठी बटर सोडण्यात फारसं हशील नाही.

ट्रान्स फॅट ‘०’ लिहिलेलं असलं तरी घटकांची यादी वाचायचीच, कारण काही देशांत ठरावीक मर्यादेखालचं प्रमाण शून्य म्हणून छापायची मुभा आहे. अमेरिकेत एका सर्विंगमागे अर्ध्या ग्रॅमहून कमी असेल तर ‘०’ चालतं. सर्विंग १४ ग्रॅमची धरली तर हे ‘०’ प्रत्यक्षात साडेतीन टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं. तुम्ही काही एकाच सर्विंगवर थांबत नाही.

मग आकडे. १०० ग्रॅममागे सॅच्युरेटेड किती ते पाहा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. त्याला एकूण फॅटने भागा. ४० टक्के फॅटच्या लाइट स्प्रेडमध्ये १४ ग्रॅम सॅच्युरेटेड असेल तर आकडा लहान दिसतो, पण ते एकूण फॅटच्या ३५ टक्के झालं. तो लहानपणा पाण्याने आणलेला आहे. स्प्रेड पातळ म्हणून ब्रेडवर दुप्पट थापलं की फायदा संपला. ८० टक्के फॅटच्या मऊ मार्जरीनमध्ये १५ ग्रॅम असेल तर ते १९ टक्क्यांच्या आत बसतं. माझा ठोकताळा असा आहे: एकूण फॅटच्या पावभागापेक्षा कमी सॅच्युरेटेड असेल तर रोजच्या वापराला चांगलं, एक तृतीयांशच्या पुढे गेलं तर नको. हा कुठल्या संस्थेचा नियम नव्हे, पण दुकानात उभं राहून मनातल्या मनात करता येतो.

आता तुमच्या घरचा हिशेब मांडू. दोन स्लाइसना सढळ हाताने लावलं तर २० ग्रॅम बटर लागतं, म्हणजे १० ग्रॅम सॅच्युरेटेड. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सॅच्युरेटेड फॅट एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवण्याची आहे. दिवसाला २,००० कॅलरी धरल्या तर ती मर्यादा २२ ग्रॅम. जवळजवळ निम्मी मर्यादा नाश्त्यातच संपली, अजून दूध, चीज, मांस, तळण काहीच मोजलेलं नाही. तेच २० ग्रॅम मऊ मार्जरीन १५ टक्के सॅच्युरेटेडवालं असेल तर ३ ग्रॅम. रोजचा फरक ७ ग्रॅमचा.

केकचं पाहा. २०० ग्रॅम बटरच्या केकचे १२ तुकडे केले तर एका तुकड्यात साडेआठ ग्रॅम सॅच्युरेटेड येतं. त्याऐवजी ३५ टक्के सॅच्युरेटेडचं घट्ट मार्जरीन घातलं तर सुमारे ५.८ ग्रॅम. वाचले २.७ ग्रॅम. आठवड्यातून एक तुकडा खात असाल तर दिवसाला ०.४ ग्रॅमही नाही. म्हणजे ब्रेडवरच्या बदलातून मिळणारा फायदा केकमधल्या बदलाच्या जवळजवळ अठरा पट आहे. एवढ्याशासाठी केकची चव घालवू नये असं माझं मत आहे. अर्थात हे आठवड्याला एका तुकड्याचं गणित आहे. घरात रोज केक-बिस्किटं होत असतील तर उत्तर बदलेल.

७ ग्रॅमचा एलडीएलवर किती परिणाम होईल? अनेक नियंत्रित आहार-प्रयोग एकत्र पाहून निघालेला सर्वसाधारण हिशेब असा की एकूण कॅलरींपैकी १ टक्का सॅच्युरेटेड फॅट काढून तिथे पॉलीअनसॅच्युरेटेड (सूर्यफूल, सोयाबीनसारख्या पातळ तेलांतलं फॅट) आलं, तर एलडीएल सरासरी २ मिलिग्रॅमने (दर डेसिलिटर रक्तामागे) उतरतं. ७ ग्रॅम म्हणजे ६३ कॅलरी, म्हणजे ३ टक्क्यांच्या आसपास. तेव्हा ६ मिलिग्रॅमची घट अपेक्षित धरा, माणसामाणसात कमीजास्त. १४५ चे १३९. ही घट खरी आहे, फुकट आहे, पण एकटीने तुमचा प्रश्न सोडवणारी नाही. तुमच्या डॉक्टरांनी गोळी सुचवली असेल तर मार्जरीनचा डबा तिची जागा घेणार नाही. घरात कमी वयात हृदयविकाराचा झटका आल्याचा इतिहास असेल, मधुमेह असेल किंवा एलडीएल १९० च्या पुढे असेल, तर बटर-मार्जरीनची चर्चा दुय्यम आहे. आधी डॉक्टर.

‘बटर निर्दोष ठरलं’ अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतीलच. अशा निष्कर्षांमागचा मुख्य प्रश्न असतो, बटर कशाशी तोललं? २०१६ च्या एका एकत्रित आढाव्यात बटर खाण्याचा हृदयविकाराशी ठळक संबंध दिसला नाही. तिथे बटर न खाणारे लोक त्याजागी काय खातात ते ठरलेलं नव्हतं, आणि बटर सोडून मैदा-साखर वाढवली तर काही हाती लागत नाही हे आता बऱ्यापैकी मान्य आहे. उलट २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतल्या दोन लाखांहून जास्त लोकांच्या दीर्घ पाहणीत रोजच्या १० ग्रॅम बटरच्या जागी तेवढ्याच कॅलरींचं वनस्पती तेल धरलं तर मृत्यूचं प्रमाण १७ टक्क्यांनी कमी असल्याचा संबंध दिसला. तीही पाहणीच आहे, प्रयोग नव्हे. तेल वापरणारे लोक इतर बाबतींतही काळजी घेणारे असू शकतात, म्हणून १७ हा आकडा मी जसाच्या तसा घेणार नाही. पण दिशा एलडीएलच्या प्रयोगांशी जुळते. आणि ती तेलाबद्दल आहे, वाटेल त्या मार्जरीनबद्दल नाही.

काही मऊ मार्जरीनमध्ये प्लांट स्टेरॉल किंवा स्टॅनॉल घातलेले असतात. आतड्यात कोलेस्टेरॉल शोषलं जातं त्यात ते आडवे येतात. रोज २ ग्रॅम पोटात गेले तर एलडीएल ८ ते १० टक्के उतरतं, म्हणजे तुमच्या बाबतीत १२-१४ मिलिग्रॅम. हा नुसत्या फॅटबदलापेक्षा मोठा फायदा आहे. पण २ ग्रॅमसाठी त्या डब्यावर लिहिलेली मात्रा रोज जेवणाखाण्यासोबत घ्यावी लागते, आठवड्यातून तीन दिवस घेऊन उपयोग नाही. गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रिया, लहान मुलं आणि सिटोस्टेरोलेमिया हा दुर्मिळ आनुवंशिक विकार असलेल्यांसाठी ते नाही. घरात एकच डबा सगळे वापरत असतील तर हे ध्यानात ठेवा.

जीवनसत्त्वांवरून निवड करू नका. बटरमध्ये ‘अ’ असतं, मार्जरीनमध्ये बऱ्याचदा ‘अ’ आणि ‘ड’ वरून घालतात. १५-२० ग्रॅममध्ये दोन्हीकडून येणारा वाटा इतका मोठा नाही. दुधाची अ‍ॅलर्जी असेल किंवा दूध पूर्ण टाळत असाल, तर मात्र मार्जरीनची यादीही वाचा. त्यात व्हे (दूध फाटल्यावर सुटणारं पाणी) किंवा दुधाची पावडर असू शकते.

आता चव. बटरची चव एका गोष्टीतून येत नाही. दुधाच्या फॅटमध्ये लहान साखळीची स्निग्धाम्लं असतात, ब्युटिरिक त्यातलं प्रमुख, आणि ती वासाला लगेच जाणवतात. लॅक्टोन नावाच्या संयुगांमुळे मलईचा गोडसर वास येतो आणि तापवल्यावर तो वाढतो. विरजण लावलेल्या साईचं बटर असेल तर जिवाणूंनी तयार केलेलं डायअ‍ॅसिटिल असतं, आपण ज्याला ‘बटरचा वास’ म्हणतो तो बराचसा त्याचाच. मार्जरीनमध्ये डायअ‍ॅसिटिल किंवा तत्सम वास वरून घालतात, म्हणून उघडल्यावर वास येतो पण भट्टीत तो टिकत नाही. शिवाय दुधातले घन पदार्थ ओव्हनमध्ये तांबूस होताना जो खमंगपणा देतात, तो ज्या मार्जरीनमध्ये दुधाचा अंशच नाही त्याला कुठून येणार?

दुसरं कारण वितळण्याचं. बटर ३२ ते ३५ अंशांना वितळतं, म्हणजे तोंडातल्या उष्णतेच्या जरा खाली. ते जिभेवर टिकत नाही, सुटून जातं, आणि जाता जाता चव सोडतं. पेस्ट्रीचं घट्ट मार्जरीन ४० अंशांच्या पुढे वितळावं असंच बनवलेलं असतं. तोंडात ते पूर्ण वितळत नाही आणि टाळूला तुपकट, मेणचट थर धरतो. ‘बेकरीतलं खाल्लं की तोंड चिकट होतं’ ही तक्रार बहुतेक वेळा याचीच असते. मऊ मार्जरीनला ही अडचण नाही. त्याची उणीव चव नसण्याची.

म्हणून बदल कुठे कळतो आणि कुठे नाही हे पदार्थावर ठरतं. कोको, कॉफी, मसाले, केळं, गाजर, संत्र्याची साल असलेल्या केकमध्ये बटरऐवजी मार्जरीन किंवा सरळ तेल घातलं तर फारसं कुणाला ओळखू येणार नाही. तेलाचा केक तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही मऊ राहतो, कारण बटर थंड झाल्यावर घट्ट होतं आणि तेल होत नाही. उलट साधा व्हॅनिला बटर केक, शॉर्टब्रेड, बटर कुकीज आणि बटरक्रीम यांत लपायला जागाच नाही. तिथे बटरच. बटरक्रीम उकाड्यात ढळतं, म्हणून निम्मं घट्ट मार्जरीन घालतात. नक्षी टिकते, जीभ मात्र तक्रार करते.

केक बिघडण्याची कारणं बहुतेक वेळा चवीत नसतात, पाण्यात असतात. पाककृतीत बटर लिहिलंय म्हणजे ८० टक्के स्निग्धांश गृहीत धरलाय. त्याजागी ७५-८० टक्क्यांचं मार्जरीन वजनास वजन चालतं. ६० टक्क्यांचं स्प्रेड घेतलं तर १०० ग्रॅम बटरएवढा स्निग्धांश मिळायला १३३ ग्रॅम लागेल. त्यासोबत ५३ ग्रॅम पाणी येईल, बटरसोबत १६ आलं असतं. म्हणजे ३५ ग्रॅमहून जास्त पाणी फुकटचं. केकमध्ये दूध असेल तर तेवढं दूध कमी करून निभावता येतं. बिस्किटात कमी करायला द्रवच नसतो, म्हणून तिथे ते जमत नाही. जादा पाण्याने मैद्यातलं ग्लूटेन चिवट होतं आणि खुसखुशीत बिस्किटाऐवजी मऊ, पावासारखी चकती निघते. ४० टक्क्यांचं स्प्रेड बेकिंगला वापरूच नका. १०० ग्रॅम बटरची भरपाई करायला २०० ग्रॅम लागेल आणि त्यात जवळजवळ १२० ग्रॅम पाणी असेल. तळायला घेतलं तर तडतडून अंगावर उडतं आणि तवा तापायच्या आधी फेसाळत बसतं.

तेल वापरायचं असेल तर १०० ग्रॅम बटरसाठी ८० ग्रॅम तेल आणि एक मोठा चमचा दूध किंवा पाणी घ्या. मात्र साखरेसोबत फेटून हवा भरायची पद्धत तेलाला लागू होत नाही. साखरेचे कण घट्ट फॅटमध्ये बारीक हवेचे बुडबुडे कोरतात आणि केक फुगायची सुरुवात तिथे होते, पातळ तेलात ते बुडबुडे टिकत नाहीत. म्हणून तेलाच्या केकमध्ये अंडी आणि साखर फेटून हवा भरा किंवा त्याच पद्धतीसाठी लिहिलेली पाककृती घ्या.

बटर फेटताना ते १८ ते २० अंशांवर हवं. बोट दाबलं तर खळगा पडावा, पण बोटाला तेलकट लागू नये. इलेक्ट्रिक बीटरने तीन ते पाच मिनिटं, रंग पांढुरका होईपर्यंत. बटर चकाकायला लागलं म्हणजे ते जास्त मऊ झालं, आता हवा धरणार नाही. भांडं दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा फेटा. अंडी फ्रीजमधली गार घातली तर मिश्रण फाटतं. मार्जरीन या बाबतीत सोशिक आहे. त्याचे स्फटिक बारीक राहतील अशीच त्याची बांधणी असते, त्यामुळे तापमान थोडं चुकलं तरी हवा धरतं. नवशिक्याचा मार्जरीनचा केक बटरपेक्षा जास्त फुगलेला दिसतो तो यामुळे.

पदरांच्या पेस्ट्रीत हाच फरक आणखी बोचतो. बटर १३ ते १६ अंशांमध्येच लाटण्याजोगं असतं. गार असेल तर तुकडे पडून कणकेतून बाहेर येतं, ऊब लागली की कणकेत मुरतं आणि पदर सुटत नाहीत. दर घडीनंतर २०-३० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं तर जमतं. घट्ट मार्जरीनने हे काम सोपं होतं, पदरही उंच दिसतात. व्यावसायिक ते वापरतात ते चवीसाठी नव्हे, उकाड्यात हात चालावा म्हणून.

परतायला बटर घेत असाल तर आच मंद ठेवा. १५० अंशांच्या आसपास त्यातले दुधाचे घन पदार्थ करपू लागतात. ‘थोडं तेल घातलं की बटर करपत नाही’ असं सांगतात, ते बरोबर नाही. करपणारा भाग तोच राहतो, तेलाने फक्त विरळ होतो. मोठ्या आचेसाठी बटर कढवून घन पदार्थ गाळून टाकलेलं, म्हणजे तूप, चालेल. पण सॅच्युरेटेडचा हिशेब तिथे वाढतो, कारण पाणी गेलं आणि फॅटच उरलं. तुमच्या बाबतीत तव्यावर साधं तेल आणि शेवटी आच बंद केल्यावर ५ ग्रॅम बटर, हे जास्त शहाणपणाचं. वास वरच राहतो आणि कमी बटरमध्ये काम होतं.

ब्रेडला निव्वळ मार्जरीन घशाखाली उतरत नसेल तर मधला रस्ता, म्हणजे वर म्हटलेलं ‘स्प्रेडेबल’, घरी करता येतो. २०० ग्रॅम मऊ झालेलं बिनमिठाचं बटर बीटरने फेटायचं, त्यात १०० मिली सूर्यफुलाचं तेल बारीक धारेने घालायचं, दोन चिमूट मीठ, आणि झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये. सॅच्युरेटेड ५१ वरून साधारण ३८ टक्क्यांवर येतं. फ्रीजमधून काढल्यावर सुरीने पसरतं, त्यामुळे लागतंही कमी. गार, घट्ट बटर ब्रेडवर तुकड्यांत बसतं आणि २० ग्रॅम कधी संपलं कळत नाही. सगळ्यात मोठी बचत प्रमाणातच आहे. तेल बटरएवढंच घातलंत तर सॅच्युरेटेड ३१ टक्क्यांच्या आसपास येईल, पण खोलीच्या तापमानाला ते ओघळतं. दोन आठवड्यांत संपवा. २:१ चं हे मिश्रण माझ्या एक तृतीयांशच्या ठोकताळ्यात बसत नाही, पण मला विचाराल तर ते फक्त १० ग्रॅम, म्हणजे चार ग्रॅमहून कमी सॅच्युरेटेड, हा चव आणि तब्येत दोन्ही सांभाळणारा सौदा आहे. मऊ मार्जरीनच्या २० ग्रॅममधून ३ ग्रॅम येतात. अंतर फार नाही आणि कॅलरी निम्म्या.

साठवणीत दोघांचे स्वभाव वेगळे. बटर आजूबाजूचा वास ओढतं, म्हणून फ्रीजमध्ये कांद्याशेजारी उघडं ठेवू नका. उजेडाने त्याचा वरचा थर गडद होऊन खवट होतो. नीट गुंडाळून फ्रीझरमध्ये सहा महिने सहज राहतं. मार्जरीनचं लाइट स्प्रेड मात्र गोठवू नका. त्यातले पाण्याचे बारीक थेंब एकत्र येतात आणि वितळल्यावर तेल-पाणी वेगळं होतं. मऊ मार्जरीनमधलं पॉलीअनसॅच्युरेटेड तेल हवेने लवकर खराब होतं, तेव्हा मोठा स्वस्त डबा घेण्यापेक्षा महिन्यात संपेल एवढाच घ्या.

तर तुमच्या बाबतीत मी असं करेन: ब्रेडसाठी पाम मागे असलेलं, अंशतः हायड्रोजनेटेड नसलेलं मऊ मार्जरीन किंवा वरचं मिश्रण, दोन स्लाइसना मिळून १० ग्रॅम. आठ दिवस वजनकाट्यावर मोजा, मग नजर बसेल. रविवारचा साधा केक बटरचाच, चॉकलेटचा असेल तर तेलाचा. घट्ट मार्जरीन घरात आणू नका, चव आणि तब्येत या दोन्ही प्रश्नांत ते तुमच्या कामाचं नाही. आणि तपासणी दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा, त्याच प्रयोगशाळेत. मध्ये वजन, व्यायाम किंवा औषध बदललं असेल तर ते अहवालासोबत डॉक्टरांना सांगा, नाहीतर उतरलेल्या आकड्याचं श्रेय डब्याला द्यायचं की चालण्याला, हे कुणालाच सांगता येणार नाही.